तपासणी चालू असताना रुग्णाला भोवळ येते तेव्हा

प्रश्न: एक्स-रे विभागात रुजू होऊन मला सात महिने झाले. गेल्या आठवड्यात छातीचा एक्स-रे काढताना एक तरुण, धडधाकट दिसणारा रुग्ण स्टँडसमोरच कोसळला. मी काचेपलीकडे कन्सोलवर होतो. त्याच्या हनुवटीला टाके पडले. वरिष्ठ म्हणाले, ‘आधी कळायला हवे होते.’ ते कसे कळते? खाली पडल्यावर त्याचे हातपाय झटकत होते, त्यामुळे मला ती फिट वाटली. आणि कॉन्ट्रास्ट (फोटोत अवयव ठळक दिसावेत म्हणून शिरेतून देतात ते औषध) दिल्यावर असेच झाले, तर ती साधी भोवळ की रिॲक्शन हे कसे ओळखायचे?

उत्तर: तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत, पण तिन्हींच्या मुळाशी मला एकच अडचण दिसते. रुग्ण कोसळतो तो क्षण आपल्या लक्षात राहतो, म्हणून भोवळ तिथे सुरू झाली असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती त्याआधी काही सेकंदांपासून दोन-चार मिनिटांपर्यंत चालू असते, आणि नेमक्या त्या वेळात आपले डोळे प्रकाशाच्या चौकटीवर, खांद्यांच्या ठेवणीवर किंवा कन्सोलवरच्या आकड्यांवर असतात. तुमच्या वरिष्ठांचे म्हणणे खरे आहे, परंतु कळण्यासाठी कुठे पाहायचे हे कोणीतरी आधी दाखवून द्यावे लागते, आणि ते बहुधा तुम्हाला कोणी दाखवलेले नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. मी २२ वर्षे एक्स-रे, मॅमोग्राफी आणि सीटी या विभागांत काम केले आहे; एमआरआयमध्ये त्या मानाने कमी. मी तंत्रज्ञ आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे पुढे औषधांचा उल्लेख येईल तो डॉक्टर काय मागतील याची तुमची तयारी असावी एवढ्यासाठी. खोलीत तुम्ही एकटे आहात की दोघे, डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहेत की दोन मजले वर, रुग्णाचे वजन तुमच्या दीडपट आहे का, त्याला हृदयविकार आहे का, यांवर तपशील बदलतात. कामाचा क्रम मात्र फारसा बदलत नाही.

साधी भोवळ, जिला आपण विभागात व्हेसोव्हेगल म्हणतो, ती कशी घडते हे एकदा नीट समजून घेतले की बाकीचे पाठ करावे लागत नाही. माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरते. एरवी शरीर रक्तवाहिन्या आवळून आणि हृदयाची गती थोडी वाढवून ते सावरून घेते. पण भीती, वेदना, सुई, उकाडा, रिकामे पोट, बराच वेळ ताटकळत उभे राहणे, यांतले काही एकत्र जमून आले की काही जणांत हा प्रतिसाद उलटा फिरतो. रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयाची गती वाढण्याऐवजी उतरते आणि रक्तदाब घसरतो. उभ्या माणसाचा मेंदू हृदयापेक्षा सुमारे ३० सेंटिमीटर वर असतो, आणि तेवढ्या उंचीवर रक्त चढवण्यातच पाऱ्याचा २० ते २५ मिलिमीटर दाब खर्ची पडतो. म्हणजे दंडावर वरचा दाब ६० भरत असेल, तर मेंदूपाशी ४० देखील उरत नाही. मेंदूचा रक्तपुरवठा पुरता तुटला तर ६ ते ८ सेकंदांत शुद्ध हरपते. तोच माणूस आडवा केला की ते ३० सेंटिमीटर हिशेबातून वजा होतात. आडवे करणे हाच पहिला उपचार का, आणि खुर्चीत बसवणे हा अर्धामुर्धा उपचार का, हे या एवढ्या गणितावरून कळते.

आता खुणा. पहिली बहुतेक वेळा रंगाची असते. उजळ कांतीवर फिकेपणा चटकन दिसतो. सावळ्या किंवा काळ्या वर्णावर ओठ, नखे आणि खालच्या पापणीची आतली कड पाहावी लागते. मग वरच्या ओठावर आणि कपाळावर घामाचे बारीक थेंब येतात, आणि तो घाम हाताला गार लागतो. जांभया आणि मोठे सुस्कारे हे मी अगदी गंभीरपणे घेते, कारण तपासणीच्या खोलीत ताणाखाली असलेला माणूस कंटाळून जांभई देत नसतो. पुढे मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, कानात गुणगुण. रुग्णाची वाक्ये ठरलेली असतात: ‘कसंतरी होतंय’, ‘एकदम गरम व्हायला लागलंय’, ‘तुमचा आवाज लांबून येतोय’. यांतले शेवटचे वाक्य ऐकू आले की तुमच्या हाती काही सेकंदच उरले आहेत असे समजा. आणि या सगळ्यांपेक्षा माझा जास्त भरवसा आहे तो एका न उच्चारलेल्या खुणेवर: आतापर्यंत बोलणारा, शंका विचारणारा रुग्ण एकाएकी गप्प होतो. आपण त्याला सहकार्य समजतो.

तुमच्या प्रसंगातली खरी गोम मात्र वेगळी आहे. छातीच्या स्टँडसमोर रुग्णाची पाठ आपल्याकडे आणि तोंड एक्स-रेच्या पाटीकडे असते. म्हणजे वर सांगितलेल्यांपैकी अर्ध्या खुणा आपल्याला दिसूच शकत नाहीत. त्यामुळे पाठीवरून ओळखायला शिकावे लागते. मानेवर, केसांच्या कडेला घाम चमकतो. स्टँडला धरलेली बोटे सैल पडतात, किंवा उलट घट्ट आवळली जातात. पुढे काढलेले खांदे खाली येतात. गुडघे ताठ होतात आणि शरीर टाचांवर मागेपुढे डुलू लागते. यांपैकी काही दिसले तर ‘ठीक आहे ना?’ असे विचारू नका, कारण त्याला माणसे सवयीने ‘हो’ म्हणतात. ‘काय जेवलात?’ किंवा ‘आज कोणता वार?’ असे काही विचारा, ज्याला उत्तर घडवावे लागते. उत्तर यायला उशीर लागला तर काचेपलीकडे जाऊ नका. आणखी एक: ‘खोल श्वास घ्या आणि रोखून धरा’ ही आपली सूचना काठावर असलेल्या माणसाला पलीकडे ढकलू शकते. श्वास रोखताना तो कुंथला की हृदयाकडे परतणारे रक्त आणखी कमी होते. म्हणून फिकट दिसणाऱ्याला मी उभे करून सूचनांची उजळणी करून घेत नाही. ती बसलेल्या अवस्थेत करून घेते, उभे करते, एक्स्पोजर देते आणि लगेच बसवते.

कोणाला भोवळ येईल याचा अंदाज पूर्ण बांधता येत नाही, पण एका प्रश्नाने पुष्कळ कळते: ‘सुई टोचताना, रक्त देताना किंवा दात काढताना पूर्वी कधी चक्कर आली होती का?’ ‘हो’ म्हणणाऱ्याला मी कॅन्युला (शिरेत ठेवायची बारीक नळी) आडवे झोपवूनच लावते. त्यात चर्चेला जागा ठेवत नाही. तरुण माणसे, विशेषतः लाज वाटून त्रास लपवणारी, म्हाताऱ्यांपेक्षा जास्त वेळा अशी कोसळतात. धडधाकट दिसणे हा काही बचाव नव्हे. उपाशीपोटी आलेल्यांचे तर विचारूच नका. आजच्या नॉन-आयॉनिक आयोडीन कॉन्ट्रास्टपूर्वी उपाशी राहण्याची शिफारस युरोपीय मार्गदर्शक सूचना करत नाहीत, तरीही पुष्कळ ठिकाणी तो नियम सवयीने चालू आहे. तो बदलणे तुमच्या हाती नसेल, तर निदान पाणी पिण्याची मुभा आहे का, हे रेडिऑलॉजिस्टना एकदा विचारून ठेवा. सुईला घाबरणाऱ्यांसाठी स्नायू आवळण्याची एक साधी युक्ती आहे, जी स्वीडिश मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी १९८०च्या दशकात रुजवली: हात, पाय आणि पोट १० ते १५ सेकंद आवळायचे, चेहरा गरम वाटू लागला की २०-३० सेकंद सैल सोडायचे, आणि असे चार-पाच वेळा करायचे. सुई लावायचा हात तेवढा सैल ठेवायला सांगावा.

आता प्रत्यक्ष कृती. खूण दिसली की तपासणी त्या क्षणी संपली असे धरायचे. ‘एवढा एक फोटो झाला की’ हा विचार मनात येतो, मलाही अनेकदा आला आहे, आणि हनुवटीचे टाके बहुधा त्या एका फोटोच्या वेळात पडतात. एक्स्पोजर थांबवल्याची खात्री करून आत जा, रुग्णाच्या मागे किंचित बाजूला उभे राहा आणि त्याच्या काखांखालून हात घाला. कोसळणाऱ्या माणसाला उभे धरून ठेवायचा प्रयत्न करू नका. त्यात तुमची पाठ जाते, आणि उभा धरल्यामुळे त्याच्या मेंदूला रक्त मिळत नाही ते वेगळेच. एक पाय पुढे टाकून त्याला तुमच्या मांडीवरून घसरत जमिनीवर येऊ द्या; डोके तेवढे हाताने सांभाळा. टेबल चार पावलांवर असले तरी तिथपर्यंत चालवत नेऊ नका. जमीन जवळ आहे, तीच वापरा.

आडवा केल्यावर पाय उचलून खुर्चीवर किंवा उशांच्या ढिगावर ठेवा, कमरेचा पट्टा आणि गळ्याचे बटण सैल करा, आणि मदतीला हाक मारा. पायाला किंवा ओटीपोटाच्या हाडाला मार असेल, किंवा आडवे केल्यावर धाप लागत असेल, तर पाय उचलण्याचा आग्रह धरू नका. उलटी येईलसे वाटले तर कुशीवर वळवा. गरोदरपण पुढे गेलेल्या बाईला पाठीवर ठेवू नका. डाव्या कुशीवर घ्या, कारण गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून रक्तदाब आणखी उतरतो. तोंडावर पाणी मारणे, गालावर चापट्या देणे, शुद्धीवर येण्याआधी पाणी पाजणे यांतले काहीही करू नये.

यानंतर एक हात मनगटावर आणि एक डोळा घड्याळावर. श्वास चालू आहे का हे १० सेकंदांच्या आत ठरवा. मधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. प्रतिसाद नाही आणि श्वास नीट नाही, तर ही भोवळ नसून हृदय बंद पडले आहे असे मानून छातीवर दाब सुरू करायचे आणि आपत्कालीन पथकाला बोलवायचे. साध्या भोवळीत आडवे केल्यापासून बहुतेक जण २०-३० सेकंदांत डोळे उघडतात. एक मिनिट उलटले आणि माणूस जागा नाही, तर मनातला ‘साधी भोवळ’ हा शब्द खोडून टाका.

हातपाय झटकले म्हणून फिट, हा गैरसमज फार जुना आहे आणि डॉक्टरांनाही होतो. मेंदूला रक्त कमी पडले की शुद्ध गेलेल्या माणसाचे हातपाय काही वेळा झटकतात; ते झटके थोडे, बेताल आणि काही सेकंदांचेच असतात, आणि ते शुद्ध हरपल्यावर येतात. अपस्माराच्या झटक्यात शरीर आधी ताठ होते, मग झटके लयीत आणि पुष्कळ येतात, साधारण एक ते दोन मिनिटे चालतात. जिभेची कड चावली गेली असेल तर पारडे फिटीकडे झुकते. कपड्यात लघवी होणे मात्र दोन्हींत घडते, त्यावरून काही ठरवू नये. मला सगळ्यांत उपयोगी वाटणारा फरक नंतर दिसतो: भोवळीतून उठलेला माणूस अर्ध्या-एका मिनिटात ‘मी पडलो का?’ असे विचारतो आणि त्याला आपण कुठे आहोत ते कळत असते. फिटीतून आलेला बराच वेळ गोंधळलेला, पेंगुळलेला राहतो. तुमचा रुग्ण उठल्यावर काय बोलला, हे तुम्ही लिहिलेले नाही. ते आठवत असेल, तर तुमच्या शंकेचे उत्तर बहुधा त्यातच सापडेल.

कॉन्ट्रास्टचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर सावकाश बोलते. इंजेक्शन जात असताना अंगभर ऊब येणे आणि तोंडात धातूची चव येणे हे अपेक्षित असते. ते रुग्णाला आधी सांगितलेले असावे, नाही तर त्या उबेच्या धसक्यानेच कोणाला भोवळ यायची. त्यापलीकडे रुग्ण फिका पडला, घामाने भिजला, रक्तदाब उतरला, तर दोन शक्यता समोर असतात आणि बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात. त्यांना वेगळे करते ती नाडी. व्हेसोव्हेगलमध्ये दाब कमी आणि नाडी मंद, बहुधा ६० च्या खाली. ॲलर्जीसारख्या गंभीर प्रतिक्रियेत, म्हणजे ॲनाफायलॅक्सिसमध्ये, दाब कमी आणि नाडी वेगवान, १०० च्या वर. सोबत अंगावर गांधी, खाज, पापण्या किंवा ओठ सुजणे, आवाज घोगरा होणे, खोकला, छातीत घरघर यांतले काही शोधायचे. त्यासाठी गाऊन बाजूला करून पोट आणि मांड्या पाहाव्या लागतात. केवळ चेहऱ्याकडे बघून चालत नाही.

हे मी पुस्तकातून शिकले होते, पण पटले ते चुकल्यावर. बऱ्याच वर्षांपूर्वी एका रुग्णालयात चाळिशीतल्या एका बाईंचा सीटी चालू होता. सुईची भीती त्यांनी आल्याबरोबर बोलून दाखवली होती. कॉन्ट्रास्टनंतर दोन-तीन मिनिटांत त्या पांढऱ्या फटक पडल्या, घाम सुटला, ‘कसंतरी होतंय’ म्हणाल्या. मी मनातल्या मनात निदान करून मोकळी झाले, पाय उंच केले आणि धीर देत उभी राहिले. माझ्या सहकाऱ्याने येऊन मनगट धरले आणि हळू आवाजात म्हणाला, ‘ताई, एकशे तीस आहे.’ तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की त्या मघापासून डाव्या हाताने मान खाजवत होत्या. गाऊनखाली पोटावर लाल चट्टे उठले होते. डॉक्टरांनी मांडीत ॲड्रेनलिन दिले आणि त्या सावरल्या. पण ती दोन मिनिटे माझ्यामुळे गेली होती. भीतीची पूर्वसूचना मिळाल्यामुळे मी नाडी पाहिली नाही. त्या दिवसापासून धीर देतानाही माझी बोटे रुग्णाच्या मनगटावरच असतात, आणि रुग्णाला तो आधारच वाटतो.

नाडीचा नियमही आंधळेपणाने लावू नये. बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाची गती मंदावणाऱ्या, गोळ्या घेणाऱ्याची नाडी ॲनाफायलॅक्सिसमध्येही वाढेलच असे नाही, म्हणून त्या गोळ्यांची चौकशी आधीच झालेली असावी. घाबरून जोरजोरात श्वास घेणाऱ्याचीही नाडी वेगवान असते, पण त्याचा रक्तदाब टिकून असतो आणि तो बोटांना मुंग्या आल्याची तक्रार करतो. मधुमेही रुग्ण औषध घेऊन उपाशी आला असेल तर घाम आणि घबराट साखर उतरल्याचीही असू शकते. आडवे करूनही तो सुधारत नाही, आणि ग्लुकोमीटरवर आकडा ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर उत्तर मिळाले. संशय उरलाच तर माझा कल ठरलेला आहे: डॉक्टरांना बोलवताना ‘चक्कर आली आहे’ असे सांगायचे नाही, ‘कॉन्ट्रास्टनंतर दाब इतका, नाडी इतकी, अंगावर हे दिसते आहे’ असे सांगायचे. ‘चक्कर’ म्हटले की ऐकणारा चालत येतो.

उपचार डॉक्टर ठरवतील, पण ट्रे तयार असावा. व्हेसोव्हेगलसाठी पाय उंच, मास्कने ऑक्सिजन आणि शिरेतून सलाईन वेगाने. प्रौढांत ५०० ते १००० मिलिलिटर. नाडी मंदच राहिली तर ती वाढवणारे ॲट्रोपिन ०.६ ते १ मिलिग्रॅम शिरेतून, गरजेनुसार पुन्हा, एकूण ३ मिलिग्रॅमपर्यंत. पण एकटे ॲट्रोपिन पुरत नाही. टॉमस लुईस यांनी १९३२ मध्येच नोंदवले होते की ॲट्रोपिनने नाडी वाढली तरी रक्तदाब खालीच राहू शकतो, कारण दोष केवळ हृदयाच्या गतीचा नसून सैल पडलेल्या रक्तवाहिन्यांचाही असतो. म्हणून पाय उंच ठेवणे आणि सलाईन यांना कमी लेखू नये. ॲनाफायलॅक्सिसमध्ये ॲड्रेनलिन आधी, बाकी सारे नंतर: प्रौढांना मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत ०.३ ते ०.५ मिलिग्रॅम. अशा रुग्णाला बरे वाटू लागले म्हणून एकदम उठवून बसवू नका. उठल्याबरोबर हृदयाकडे येणारे रक्त तुटून जिवावर बेतू शकते. कॉन्ट्रास्ट घेतलेल्या कोणाचीही कॅन्युला अर्धा तास काढू नये, कारण गंभीर प्रतिक्रिया बहुतेक पहिल्या २० मिनिटांत येतात आणि दाब उतरल्यावर नवी शीर सापडणे म्हणजे दिव्य असते.

इथवरचे एका दमात सांगायचे तर: खूण दिसली की थांबा, आडवे करा, पाय उचला, श्वास पाहा, नाडी मोजा, अंग उघडून पाहा, आणि ‘भोवळ’ की ‘रिॲक्शन’ हे नाव त्यानंतर द्या.

मॅमोग्राफीत एक वेगळी अडचण असते. बाई उभी असते, वेदना होत असते, आणि स्तन यंत्राच्या दाबपट्टीखाली, म्हणजे पॅडलखाली, दाबलेला असतो; अशा वेळी ती कोसळली तर तिचे सगळे वजन त्या दाबलेल्या कातडीवर लटकते. म्हणून इथे पहिली हालचाल पॅडल सोडण्याची, दुसरी तिला धरण्याची. दाब सोडणारे पेडल किंवा बटण न पाहता पायाला सापडते का, हे सकाळी यंत्र सुरू करताना एकदा तपासून घ्या. दाब देताना मी तिच्या पाठीवर हात ठेवते. पाठ गार ओलसर लागली की मला चेहरा पाहावा लागत नाही. ज्यांना पूर्वी भोवळ आली आहे त्यांची तपासणी बसवून करता येते, थोडी जिकिरीची असली तरी.

एमआरआयमध्ये मोह होतो तो सामान घेऊन आत धावण्याचा. टेबल बाहेर काढा आणि रुग्णाला चुंबकाच्या खोलीबाहेर आणा, मग उपचार. साधा ऑक्सिजन सिलिंडर घेऊन आत गेलेला मदतनीस हा दुसरा अपघात ठरतो. हृदय बंद पडले असेल तर दाब देत देतच बाहेर काढायचे. चुंबक बंद करण्याचे बटण यासाठी नसते. बेरियम तपासणीत, म्हणजे बेरियम देऊन काढलेल्या अन्नमार्गाच्या एक्स-रेमध्ये, टेबल उभे असेल तर आधी ते आडवे करा. गर्भाशयमुखाला स्पर्श होणाऱ्या तपासण्यांत, उदाहरणार्थ गर्भनलिकांच्या एक्स-रेमध्ये, भोवळ अनेकदा टेबलावर न येता नंतर स्वच्छतागृहात येते, आणि आतून कडी लावलेली असते. सोनोग्राफीसाठी भरलेले मूत्राशय रिकामे करायला गेलेल्यांचेही तसेच. मी त्यांना कडी लावू नका असे सांगते आणि बाहेर कोणालातरी उभे करते.

काही भोवळी मात्र साध्या समजण्याची चूक करूच नये. आडवे असतानाच शुद्ध गेली, कोणतीही पूर्वखूण नव्हती, छातीत दुखत होते किंवा धडधडत होते, धाप लागली, किंवा शुद्धीवर आल्यावर एक हात-पाय दुबळा वाटतो आहे, अशा वेळी डॉक्टर आणि ईसीजी हवाच. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत पोटदुखीसाठी सोनोग्राफीला आलेली बाई बेशुद्ध झाली, तर गर्भ नळीत राहून आत रक्तस्राव होत आहे असेच समजून हालचाल करावी. पोटात किंवा पाठीत दुखणारा वृद्ध माणूस कोसळला, तर महाधमनी फुटल्याची शंका आधी बोलून दाखवावी. अशा ठिकाणी तपासणी पुरी करण्यापेक्षा एक वाक्य वेळेवर बोलणे अधिक मोलाचे असते.

शुद्धीवर आलेल्या माणसाला लवकर उठायची घाई असते, कारण त्याला ओशाळल्यासारखे होते. त्याला १०-१५ मिनिटे आडवेच ठेवा, मग पाय खाली सोडून काही मिनिटे बसवा, मग आधार देऊन उभे करा आणि दाब पाहा. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा दाब २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर तो अजून तयार नाही. दुसऱ्यांदा पडणे हे बहुधा या घाईत होते. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर मार किरकोळ दिसला तरी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सोडू नका. घरी एकट्याने वाहन चालवत जाऊ देऊ नका. आणि खोलीत आलेल्या नातेवाइकावरही नजर असू द्या. सुई रुग्णाला टोचली आणि खाली पडला नवरा, असे मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिले आहे.

राहिलेला एक्स-रे त्याच दिवशी काढायचा का, हे तो कशासाठी मागवला आहे यावर ठरते. नोकरीच्या तपासणीचा असेल तर दुसऱ्या दिवशी, पोटात काही असताना, काढता येईल. तातडीचा असेल तर बसवून किंवा झोपवून समोरून काढा आणि फिल्मवर तसे ठळक लिहा, कारण समोरून काढलेल्या फोटोत हृदय असते त्यापेक्षा मोठे दिसते आणि वाचणाऱ्याचा गैरसमज होतो. तुमच्या त्या तरुणाच्या कागदावर ‘चक्कर आली’ एवढेच लिहिले असेल, तर आठवते आहे तोवर पूर्ण नोंद करून ठेवा: किती वाजता, उभा की बसलेला, आधी काय म्हणाला, किती वेळ शुद्ध नव्हती, झटके किती, नाडी आणि दाब किती, लागले कुठे, उठल्यावर पहिले वाक्य कोणते. आणि त्याखाली पुढच्या तंत्रज्ञासाठी एक ओळ: ‘या रुग्णाचे पुढील एक्स-रे बसवून घ्यावेत, सुई झोपवून लावावी.’